दोन्ही हातांनी टेन-पिन बोलिंग करताना चेंडू भरपूर वळतो, पण नेम लागत नाही. तंत्र कसं सुधारावं?

तुम्ही लिहिलंय की आठ महिने झाले दोन हातांनी टेन-पिन बोलिंग (लेनवरून चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडायचा खेळ) खेळताय, अंगठा चेंडूत घालत नाही, चेंडूला वळण सुंदर मिळतं, पण एकदा पॉकेटमध्ये (एक आणि तीन नंबरच्या पिनांमधल्या फटीत) गेला की पुढच्या वेळी पाच पट्ट्या (लेनच्या उभ्या फळ्या) बाहेर जातो. सरासरी 150 गुणांच्या आसपास अडकलीय आणि दहा नंबरची, म्हणजे मागच्या ओळीतली उजव्या कोपऱ्यातली पिन सारखी सुटते. मी बरीच वर्षं याच पद्धतीने टेन-पिन बोलिंग खेळतोय आणि सुरुवातीची दोन वर्षं अगदी याच जागी अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही उजव्या हाताने चेंडू सोडता असं धरलंय. डावखुरे असाल तर सगळं उलटं वाचा.

माझं ठाम मत असं की तुमचा नेम हातात चुकत नाहीये, पायात आणि कंबरेत चुकतोय. हातात तो फक्त दिसतो.

आधी डाव्या हाताबद्दल. दुसरा हात म्हणजे जास्तीची ताकद, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं, आणि मी डाव्या हाताने चेंडू जोरात पुढे ओढायचो. मागून काढलेला व्हिडिओ पाहिला तेव्हा कळलं की त्या ओढण्याने चेंडू दर वेळी अंगावरून डावीकडे येत होता. डाव्या हाताचं काम एकच: अंगठा नसल्यामुळे जो चेंडू तळहातावरून घरंगळेल, त्याला समोरून आधार देऊन उजव्या तळहातावर टिकवणं. त्या आधारामुळे उजवं मनगट आत वळलेलं आणि कोपर किंचित वाकलेलं राहतं, बोटं चेंडूच्या खाली जातात आणि फिरकी आपोआप येते. डावा हात सुटतो तो अगदी शेवटी, उजव्या हाताच्या जेमतेम क्षणभर आधी. त्याने ओढायचं नाही, ढकलायचंही नाही. सराव करताना डाव्या हाताची बोटं सैल ठेवून पाहा. चेंडू पडेल अशी भीती वाटते, पण पडत नाही.

आता हा डावा हात लवकर का सुटतो? कारण शरीर उभं असतं. उजव्या बाजूला, कंबरेच्या मागे गेलेल्या चेंडूपर्यंत डावा हात पोहोचायचा तर उजवा खांदा खाली जायलाच हवा आणि कंबरेतून पुढे वाकायलाच हवं. ते झालं नाही की डावा हात अर्ध्या वाटेत सुटतो, चेंडूचं सगळं वजन एका मनगटावर येतं, मनगट उघडतं, आणि मग चेंडू कधी बाजूने सुटतो तर कधी वरून. लोक मनगटाचे व्यायाम करत बसतात, आणि दोष असतो वाकण्यात. एक लक्षात ठेवा, पाठीचा कणा गोल करून वाकू नका. खुब्याच्या सांध्यातून वाका, गुडघे सोडा, पाठ सरळ ठेवा. नाहीतर वर्षभरात कंबर तक्रार करेल.

दोन हातांनीच खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडू जेसन बेलमॉन्टेचा खेळ तुम्ही पाहिला असेलच. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज शहरात त्याच्या आईवडिलांचं बोलिंग सेंटर होतं. अगदी तान्हा असताना त्याने खेळायला सुरुवात केली, आणि चेंडू एका हाताने उचलत नव्हता म्हणून दोन हात लावले. पुढे 2019 मध्ये अकरावं मेजर (व्यावसायिक बोलिंगमधली सर्वात मानाची स्पर्धा) जिंकून त्याने 10 मेजरचा जुना विक्रम मागे टाकला. त्याचे व्हिडिओ पाहताना सगळे त्याच्या हातांकडे बघतात. तुम्ही एकदा फक्त कंबरेखालचा भाग बघा. मूल जड वस्तू अख्ख्या अंगाने हलवतं, आणि ती सवय त्याच्या खेळात अजून दिसते. गती पायांकडून येते, हात नुसते झुलतात.

पायांवर सर्वात जास्त वेळ घालवा. पाच पावलांच्या चालीत शेवटचं पाऊल डाव्या पायाचं, सरकतं. त्याच्या आधीचं उजवं पाऊल जोर देणारं असतं, आणि दोन हातांनी खेळणारे पुष्कळ जण तिथे छोटी उडी घेतात. ती उडी नक्कल म्हणून घेऊ नका. ती यायची तर चालीच्या वेगातून यावी. उडी उंच झाली की डोकं वरखाली होतं, आणि डोकं हललं की बाण (नेम धरायला लेनवर काढलेली खूण) डोळ्यांसमोरून निसटतो. माझा सल्ला, दोन महिने उडी विसरा. साधी चाल ठेवा.

मग एक गोष्ट मोजा. सुरुवातीला डावा पाय कुठल्या पट्टीवर होता आणि सरकून कुठल्या पट्टीवर थांबला? वीस चेंडू टाका, दर वेळी थांबलात तिथेच गोठून खाली बघा आणि आकडा लिहा. पाच पट्ट्या डावीकडे सरकत असाल तरी चालेल, फक्त दर वेळी पाचच हव्यात. कधी दोन, कधी सहा असं होत असेल तर तुमचं अर्धं कोडं इथेच सुटलं: हात बरोबर असूनही चेंडू दर वेळी वेगळ्या जागेवरून निघतोय.

याचा परिणाम केवढा होतो ते पाहा. फाउल लाइनपासून (चेंडू सोडताना जी रेषा ओलांडायची नाही तिच्यापासून) पहिली पिन 60 फुटांवर, लेन 41.5 इंच रुंद, त्यात 39 पट्ट्या. म्हणजे एक पट्टी इंचाहून किंचित मोठी. बाण साधारण 12 ते 16 फुटांवर असतात. चेंडू त्याच जागी टेकवला आणि 15 फुटांवर एक पट्टी चुकली, तर सरळ जाणारा चेंडू पिनांपाशी चार पट्ट्या चुकतो. म्हणून पिनांकडे बघू नका, बाणाकडे बघा, आणि चेंडू त्यावरून जाईपर्यंत नजर हलवू नका. वहीत दोन रकाने करा: बाण लागला की नाही, आणि पिनांपाशी काय झालं. बाण लागला पण चेंडू डावीकडे गेला, तर तंत्राला हात लावू नका. लेनवरचं ऑइल (पृष्ठभागावर लावलेला तेलाचा थर) बदललंय, चुकला त्याच दिशेला पाय दोन पट्ट्या आणि नजर एक पट्टी सरकवा. बाणच चुकला असेल तर मात्र उभं राहायची जागा बदलू नका. या दोन चुकांची गल्लत हेच मला तुमच्या वर्णनात सगळ्यात जास्त दिसतं. खराब सोडलेल्या एका चेंडूनंतर तुम्ही जागा बदलता, मग चांगला सोडलेला चेंडूही चुकतो.

दहा नंबरची पिन. इथे खरं सांगायचं तर वळणाचा मोह सोडावा लागतो. अंगठ्याशिवाय दोन हातांनी इतकी फिरकी येते की चेंडू कोपऱ्याकडे जाता जाता आत वळतो. उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करा. प्लास्टिकच्या आवरणाचा चेंडू घ्या, तो ऑइलवर आणि कोरड्यावरही फार पकड घेत नाही. आणि मनगट आत न वळवता सपाट ठेवा, बोटं चेंडूच्या मागेच राहू द्या, हात सरळ पिनेकडे जाऊ द्या. पाय तेच, डावा हातही तसाच शेवटपर्यंत चेंडूवर.

पुढचा हिशोब मी स्वतः कागदावर मांडला होता आणि त्याने माझी भीती गेली. चेंडूचा व्यास साधारण 8.5 इंच, पिनेचा सर्वात रुंद भाग पावणेपाच इंच. म्हणजे चेंडूचा मध्य पिनेच्या मध्यापासून दोन्हीकडे साडेसहा इंचांपर्यंत चुकला तरी स्पर्श होतो. पण दहा नंबरच्या पिनेचा मध्य लेनच्या कडेपासून फक्त पावणेतीन इंचांवर असतो. बाहेरच्या बाजूला तेवढीच जागा, मग गटर, म्हणजे लेनच्या कडेची खाच. म्हणून पिनेच्या मध्यावर नेम धरणंच चूक आहे. त्यापासून दोन पट्ट्या आत धरा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी सूट मिळते. चेंडू सरळ जात असेल तर उजवीकडून मोजून 25 व्या पट्टीच्या आसपास टेकवून मधल्या बाणावरून सोडला की तो बरोबर तिथे पोहोचतो. आणि हे कष्ट कशासाठी, तर प्रत्येक फ्रेमला (डावातल्या प्रत्येक पाळीला) आधी 9 आणि मग स्पेअर (दुसऱ्या चेंडूत उरलेली पिन पाडणं), एवढं जरी शेवटपर्यंत केलंत तरी एकाही स्ट्राइकशिवाय (पहिल्याच चेंडूत दहाही पिना पाडल्याशिवाय) 190 होतात. तुमची 150 ची सरासरी स्ट्राइकअभावी अडकलेली नाही.

फिरकी वाढवायच्या मागे सध्या लागू नका. चेंडू हळू आणि फिरकी जास्त असली की तो लवकर पकड घेतो आणि पिनांपर्यंत जाताना दम संपतो.

चेंडूबद्दल थोडक्यात: अंगठ्याचं भोक असलेला चेंडू अंगठा न घालता वापरत असाल तर स्पर्धेत अडचण येईल. अमेरिकेतल्या यूएसबीसी या बोलिंग संघटनेच्या नियमाप्रमाणे 1 ऑगस्ट 2020 पासून चेंडूला पाडलेलं प्रत्येक भोक चेंडू सोडताना पकडीसाठी वापरावं लागतं. दोनच बोटांचा, स्वतःच्या मापाचा चेंडू करून घ्या. बोटं सैल असतील तर तुम्ही नकळत दाबून धरता आणि सुटका उशिरा होते.

सरावाचा क्रम मी असा ठेवतो. आधी फाउल लाइनपाशी डावा पाय पुढे ठेवून, न चालता, नुसता झोका देऊन दहा चेंडू. मग एका पावलाने दहा. त्यात बाण सातआठ वेळा लागला तरच पूर्ण चाल, नाहीतर परत मागे. दर चेंडूनंतर डाव्या पायावर तोल सांभाळून, उजवा पाय मागे डावीकडे गेलेला, चेंडू पिनांना लागेपर्यंत तसंच थांबायचं. तोल गेला तर तो चेंडू वहीत चुकला म्हणूनच लिहायचा, स्ट्राइक झाला तरी. हे लिहायला मन तयार होत नाही, पण लिहा.

पुढच्या वेळी फोन बरोबर मागे, कंबरेच्या उंचीवर लावून दहा चेंडूंचा व्हिडिओ काढा. डावा हात सुटतो तेव्हा चेंडू डाव्या घोट्याच्या मागे आहे की पुढे, आणि सरकतं पाऊल कितव्या पट्टीवर थांबलं, एवढे दोनच आकडे इथे खाली लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.