परदेशात रग्बी खेळायला निघालास, तर

भाऊ, जळगावच्या मातीत कबड्डीची पकड घोटलीस, ती कामी येईलच. फक्त रग्बीत खांद्याच्या वर हात गेला की दंड. चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाकून धर, डोकं त्याच्या मागल्या बाजूला ठेव. तुझ्या मानेची फार काळजी वाटते मला.

आता राष्ट्रीय जर्सीचं. तिकडच्या देशाकडून खेळायला तिथल्या रग्बी संघटनेकडे किंवा तिच्या क्लबकडे सलग 60 महिने नोंदणी लागते. आधी भारताच्या मुख्य संघातून खेळलास, तर तो रस्ता बंद. परतीची वाट मात्र आहे: 2022 पासून, तीन वर्षं थांबून जन्माच्या किंवा आईवडिलांच्या देशाकडे जाता येतं. रग्बीपटू इस्रायल फोलाऊ ऑस्ट्रेलियानंतर टोंगाकडून खेळला, तो असाच.

आणि करारात दुखापतीचा खर्च कोण उचलणार, ते सहीआधी वाच.