निष्क्रिय वायू इतर मूलद्रव्यांशी संयोग का पावत नाहीत?
कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलच्या टाकीला ‘आर्गन वेल्डिंग’ होताना पाहिले, की नळीतून येणारा आर्गन हा निष्क्रिय वायू वितळलेल्या धातूभोवती पसरून हवेतील ऑक्सिजनला दूर ठेवतो आणि स्वतः मात्र त्या धगीतही कशाशीच संयोग पावत नाही, हे लक्षात येते. याचे कारण त्याच्या बाह्यतम कक्षेतील ८ इलेक्ट्रॉनांचे पूर्ण अष्टक होय (हेलियमच्या एकमेव कक्षेत २ इलेक्ट्रॉनच मावतात). अशा अणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास फार ऊर्जा लागते आणि बाहेरून आलेल्या इलेक्ट्रॉनाला केंद्रकापासून दूरच्या, पुढील कक्षेत जावे लागते, जिथे तो टिकत नाही. तरीही ‘निष्क्रिय’ हा शब्द जपूनच वापरावा, असे मला वाटते. झेनॉन या दुसऱ्या निष्क्रिय वायूच्या मोठ्या अणूतील बाह्य इलेक्ट्रॉनांवर केंद्रकाची पकड तुलनेने सैल असते, म्हणूनच १९६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांना त्याचे संयुग तयार करता आले.