वाचकांचे प्रश्न: कोविडमधली सरकारी मदत आणि टुरिझमवाले

मागच्या अंकात कोविडच्या लोनबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, व्हॉट्सॲप नुसतं वाजतंय. बँकेच्या कर्ज विभागात ३० वर्षं काढली म्हणून लोकांना वाटतं काकांना सगळं ठाऊक. तसं काही नाही, पण जमेल तेवढं सांगतो.

काका, तारकर्लीला आमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. जानेवारी २०२० मध्ये बँकेचं लोन मुदतीआधीच फेडून टाकलं, सासऱ्यांना डोक्यावर कर्ज नको असतं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते वादळात पत्रे उडाले. कोविड लोनसाठी बँकेत गेलो तर म्हणाले तुमच्या नावावर कर्जच नाही, मग टक्के काढायचे कशाचे? हे बरोबर होतं का?

ताई, नियमाने बरोबर होतं आणि मला ते आजही पटत नाही. मे २०२० मध्ये केंद्राने ईसीएलजीएस आणली, म्हणजे धंद्यांच्या जादा कर्जाला सरकारने हमी देण्याची तीन लाख कोटींची योजना, यालाच लोक कोविड लोन म्हणतात, त्यात २९ फेब्रुवारी २०२० या तारखेला तुमचं जेवढं कर्ज शिल्लक असेल त्याच्या २० टक्के जादा कर्ज मिळायचं. मार्च २०२१ मध्ये हॉटेल-ट्रॅव्हलवाल्यांसाठी तेच ४० टक्के केलं. पण शून्याचे ४० टक्के काढले तरी शून्यच येणार ना. म्हणजे ज्याने आधीच उधारी करून ठेवली त्याला आणखी उधारी, आणि ज्याने वेळेत फेडलं त्याला चहा पाजून रवाना. माझ्याच टेबलासमोर असे किती जण बसून गेलेत, एक जण तर नो ड्यूज सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेऊन आला होता, म्हणे बघा साहेब, माझा एक हप्ता चुकलेला नाही! त्याला काय सांगणार, सांगा.

माझा टेम्पो ट्रॅव्हलर आहे, अष्टविनायक आणि गोवा ट्रिपा करतो. १० लाखाच्या लोनवर ४ लाख कोविड लोन मिळालं. सरकारची १०० टक्के गॅरंटी होती म्हणतात, मग बँक नोटीस मला का पाठवते?

दादा, सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. गॅरंटी बँकेला होती, तुम्हाला नाही. तुम्ही थकलात तर सरकारची ट्रस्टी कंपनी बँकेचं नुकसान भरून देते, पण तुमचं देणं त्याने फिटत नाही, बँक वसुली करतच राहते आणि सिबिल बिघडतं ते तुमचंच. दुसरं म्हणजे त्या लोनमध्ये पहिल्या दोन वर्षांची हप्त्यांची जी सवलत होती ती फक्त मुद्दलावर होती. व्याज दर महिन्याला भरायचंच होतं, ४ लाखाला सव्वानऊ टक्क्यांनी महिना तीन हजारच्या वर, आणि गाडी दारात उभी. मग उरलेल्या चार वर्षांत मुद्दल धरून हप्ता साधारण दहा हजार. योजना वाईट नव्हती, जादा तारण मागत नव्हते, पण पेपरात तिला 'मदत' म्हणून छापलं आणि लोकांनी ते अनुदान समजून सही केली.

नोटीस आली असेल तर फोन उचलायचं बंद करू नका, स्वतः ब्रँचला जा आणि हप्ता बसवून मागा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आणि त्या 'व्याजावरचं व्याज माफ'बद्दल विचारलंय तुम्ही पुढे. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचा चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सरकारने भरला, २ कोटीपर्यंतच्या कर्जाला. १० लाखावर १२ टक्के धरले तर तो फरक दीड हजार रुपये होतो. एवढ्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं.

वेरूळला गाइड आहे. आमच्यासाठी काही होतं का?

होतं, पण तेही कर्जच. २८ जून २०२१ ला निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं, मान्यताप्राप्त गाइडला १ लाखापर्यंत आणि टूर ऑपरेटर वगैरेंना १० लाखापर्यंत, प्रोसेसिंग फी नाही. देशभरातले मिळून १०,७०० गाइड त्यात धरले होते. लेण्या पहिल्यांदा बंद झाल्या मार्च २०२० मध्ये, म्हणजे सव्वा वर्षाने आठवण झाली. बिल्ला असलेल्यांनाच मिळणार होतं, आणि वेरूळला बिल्ल्याशिवाय पोट भरणारे किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

माथेरानला घोडा आहे. रिक्षावाल्यांना पैसे मिळाले तसे आम्हाला का नाही?

ते राज्य सरकारचं एप्रिल २०२१ चं पॅकेज, परवानाधारक ऑटोरिक्षावाल्यांना १५०० रुपये. फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बायका, बांधकाम मजूर होते त्यात, घोडेवाले नव्हते. तुमच्याकडे तर मोटारीलाच बंदी, तेव्हा रिक्षा तीही हाताने ओढायची. रिक्षा बंद ठेवली तर निदान डिझेल-सीएनजी तरी लागत नाही, घोड्याला गिऱ्हाईक असो नसो, चारा-भुसा रोज लागतो, हे मुंबईत यादी करणाऱ्याच्या डोक्यात कुठून येणार.

लंडनचा मावसभाऊ म्हणतो तिकडे हॉटेलला फुकट पैसे दिले. खरं का?

खरं आहे. छोट्या हॉटेल-दुकानांना १० हजार किंवा २५ हजार पौंड ग्रँट, परतफेड नाही. शिवाय ऑगस्ट २०२० मध्ये सोमवार ते बुधवार गिऱ्हाइकाचं अर्धं बिल सरकार भरायचं, माणशी १० पौंडांपर्यंत. तिथली तिजोरी वेगळी हे मान्य, पण कर्ज आणि ग्रँट यातला फरक तुमच्या भावाला न सांगता कळला असेल.

परत असं काही झालं तर आत्ताच काय करून ठेवू? महाबळेश्वरला लॉज आहे, छोटा.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून घ्या, त्याशिवाय तुम्ही कुठल्याच यादीत येत नाही. पर्यटन विभागाकडे नोंदणी करता येत असेल तर तीही करा. आणि एखादी छोटी सीसी लिमिट, म्हणजे लागेल तसे पैसे उचलायची बँकेची कॅश क्रेडिट सोय, थोडी वापरात ठेवा, फारशी लागत नसली तरी, तारकर्लीच्या ताईंचं काय झालं ते वर वाचलंत. उद्यमला आधार आणि पॅन लागतं, मोबाइलवर होतं आणि फी शून्य आहे, कोपऱ्यावरचा एजंट दोन हजार मागत असेल तर देऊ नका.