मुंबईच्या खिडकीत कोणती पांढरी डेझी लावायची?

नर्सरीतला फोटो बघून शास्ता डेझीच्या 'बेकी' जातीवर भाळू नका. ती चांगली ३ फूट वाढते, ग्रिलमध्ये मावायची नाही. शास्ताचीच 'स्नो लेडी' जात घ्या: जेमतेम फूटभर उंची, आणि बियांपासून पहिल्याच हंगामात फुलते. शास्ता डेझी ल्यूथर बरबँक या अमेरिकी रोपतज्ज्ञाने कॅलिफोर्नियात संकरातून तयार केली आणि १९०१ मध्ये बाजारात आणली. तिला थंडी मानवते, आपला दमटपणा नाही. तेव्हा हंगामी समजूनच लावा. पाऊस पुरता गेला की, दिवाळीच्या आसपास बी पेरा. कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजलीच, म्हणून मातीत जाड वाळू सढळ हाताने मिसळा. ऊन ५-६ तास हवंच. (उत्तरेची खिडकी असेल तर नाद सोडा, खरंच.) सुकलेली फुलं देठासकट खुडत राहा, कळ्या येत राहतात. मे महिन्यात रोप मान टाकेल, हळहळू नका. बारमाही पांढरं फूल हवं असेल तर जरबेरा बघा.