वाचकांचे प्रश्न : पुस्तक सुचवताना

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या वाचनगटात दर महिन्याला प्रत्येकाने नुकतंच वाचलेलं एक पुस्तक सुचवायचं, असं ठरलं आहे. सगळे हौसेने सांगतात, पण सुचवलेलं पुस्तक दुसरं कोणी वाचत नाही. काय चुकतं? (नाशिक)

उत्तर : ‘अप्रतिम आहे, चुकवू नका’ एवढंच ऐकल्यावर समोरच्याला तुमचा आनंद कळतो, पण पुस्तक कळत नाही. ते कशाबद्दल आहे, केवढं आहे आणि कुठे जड जाईल, हे सांगायला हवं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. ‘मराठीतली अजरामर कादंबरी’ म्हटलं की शाळेतला धडा आठवून निम्मे लोक मागे सरतात. त्यापेक्षा असं सांगून पाहा : ‘औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो. १९५५ सालचं छोटं पुस्तक आहे, दोन-तीन बैठकांत होतं. एका गोष्टीच्या मागे धावणारं कथानक यात नाही. कारभारी, आनंदा रामोशी अशी माणसं एकेक करून भेटत जातात, म्हणून सुरुवातीला काही घडत नाहीसं वाटेल. तिथे पुस्तक मिटू नका.’

यातलं शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. अडणारी जागा आधीच माहीत असली, की संथपणा ही पुस्तकाची चाल आहे हे वाचणाऱ्याला उमगतं. नाहीतर ‘आपल्याला हे झेपत नाही’ असं मनाशी धरून तो पुस्तक कायमचं ठेवून देतो.

आणखी एक. ‘तुम्हाला काय आवडतं?’ या प्रश्नाला लोक मोघम उत्तर देतात. ‘अलीकडे कोणतं पुस्तक अर्धवट टाकलंत, आणि कुठे?’ असं विचारा, म्हणजे नेमकं कळेल. घटना नसल्या की कंटाळणाऱ्याला ‘बनगरवाडी’ देऊच नका. त्याला प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ द्या. हिमालयात रस्ता बांधणारा तरुण इंजिनिअर, डोंगर आणि लष्करी शिस्त यांच्यातला ताण त्याला धरून ठेवील.

आठ जणांनी आठ नावं सांगितली, की एकही डोक्यात राहत नाही. महिन्याला दोघांनीच बोलावं. पुस्तक सोबत आणावं, मधलं एखादं पान मोठ्याने वाचून दाखवावं आणि घरी जाताना प्रत कोणाच्या तरी हातात द्यावी.

प्रश्न : मैत्रिणीने सुचवली म्हणून उद्धव शेळके यांची ‘धग’ आणली, पण वऱ्हाडी संवादांत अडखळायला होतं. सोडून द्यावी का? (कोल्हापूर)

उत्तर : मुळीच नको. तीन खुणा लक्षात ठेवा. ‘मले, तुले’ म्हणजे मला, तुला. बऱ्याच शब्दांत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : डोळा तो डोया, जवळ ते जवय. आणि ‘करून राहिला’ म्हणजे करतो आहे. पहिल्या वीस पानांतले संवाद मोठ्याने वाचा. डोळा अडतो तिथे कान अर्थ पकडतो. प्रत्येक शब्दाला थांबलात तर कौतिकच्या बोलण्यातली धार निसटेल, आणि सगळी कादंबरी त्या बाईच्या चिवटपणावर उभी आहे. मात्र यातलं दारिद्र्य वाचणाऱ्याला उसंत देत नाही. मन आधीच थकलेलं असेल तर महिनाभराने घ्या.

प्रश्न : गटात गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ वाचतो आहोत. एकाच्या प्रतीतला मजकूर दुसऱ्याच्या प्रतीत सापडत नाही. असं का? (ठाणे)

उत्तर : १८५७च्या धामधुमीचं हे प्रवासवर्णन चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलं, ते मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी पुढे काढली. तुमच्याकडे बहुधा दोन्ही परंपरांच्या प्रती आहेत. गटासाठी हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती घ्यावी, कारण गोडसे भटजींची स्वतःची बोलण्याची ढब तिच्यात अधिक आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चीही संक्षिप्त आवृत्ती मिळते; ती वाचून कोणी ‘पुस्तक पूर्ण झालं’ म्हणतो आणि चर्चेत गोंधळ होतो. म्हणून नाव सुचवतानाच संपादक, प्रकाशक आणि आवृत्तीचं साल सांगा. चर्चेत पान क्रमांकाऐवजी प्रसंग सांगा. ‘झाशीचा वेढा’ म्हटलं की प्रत कोणतीही असो, सगळ्यांना जागा सापडते.