ऑफिसात ब्राउझरमधून रिमोट डेस्कटॉप नीट चालतो, बाहेरच्यांनाच का अडतो?

तुम्ही लिहिलंय ते असं: वेंगुर्ल्याला काजूचा कारखाना, ऑफिसातल्या विंडोज सर्व्हरवर टॅली, त्याच्यापुढे ग्वाकामोले (दूरच्या मशिनचा पडदा ब्राउझरमध्ये दाखवणारं सॉफ्टवेअर). आत बसलेल्यांना ब्राउझरमधून सगळं सुरळीत दिसतं. कोल्हापूरच्या सीएंना मात्र लॉगिनचं पान येतं, पासवर्ड घेतला जातो आणि पुढे नुसतंच ‘कनेक्ट होत आहे’. पावसात तर काही दिवस त्यांना पानही उघडत नाही, आणि तेव्हाही ऑफिसातलं नेट चालूच असतं.

मी कुडाळ-सावंतवाडी भागात हीच कामं करतो. माझ्या मते हे दोन वेगळे बिघाड आहेत. एकत्र शोधायला गेलात तर एकही हाती लागणार नाही.

आतली माणसं बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकून थेट ८०८० पोर्टवर जातात. सीए येतात डोमेनच्या नावाने, ४४३ वरून, मधला एन्जिनएक्स ओलांडून, म्हणजे बाहेरची विनंती घेऊन ग्वाकामोलेकडे पोचवणारा वेब सर्व्हर. त्यामुळे ‘आत चालतं’ यावरून एन्जिनएक्सबद्दल काहीच कळत नाही. ऑफिसातल्याच एका लॅपटॉपचं वायफाय काढा, तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि सीएंना दिलेली लिंक उघडा. बिघाड तुमच्या डोळ्यासमोर येईल. फोनवर ‘सर, आता काय दिसतंय?’ विचारत बसावं लागणार नाही.

लॉगिन करण्याआधी एफ१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडून ठेवा. कनेक्शन सुरू केलंत की त्यात ‘वेबसॉकेट-टनेल’ अशी ओळ शोधा. तिच्यासमोर १०१ असेल तर वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी राहणारी जोडणी, जुळलं. १०१ नाही आणि खाली नुसत्या ‘टनेल’च्या ओळी एकामागून एक येतायत, असं असेल तर वेबसॉकेट वाटेत अडलंय आणि ग्वाकामोले साध्या एचटीटीपीवर भागवायला बघतंय. तेही जमत नाही, कारण एन्जिनएक्स उत्तर साठवून मग पुढे सोडतो (यालाच बफरिंग म्हणतात), आणि पडद्याचं चित्र ब्राउझरपर्यंत वेळेत पोचत नाही. लॉगिन ही एक छोटी विनंती असते, ती बिनबोभाट पार होते. म्हणून पासवर्ड चालतो आणि टॅली दिसत नाही.

एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये ग्वाकामोलेसाठी जो भाग आहे, तिथे प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ करा, ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे दोन्ही हेडर पुढे पाठवा आणि बफरिंग बंद करा. आधी कॉन्फिग तपासून घ्या, मगच रीलोड. हे केल्यावरही एकाच माणसाला अडत असेल, तर त्याचं विंडोजचं खातं बघा. नवीन खातं काढताना ‘पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला’ ही खूण राहिलेली असली की एनएलए, म्हणजे पडदा उघडण्याआधीच पासवर्ड तपासणारी विंडोजची सोय, त्याला आत घेत नाही.

आता पावसाचं. फायबर तुटली की तुमचा राउटर सिमवर जात असणार. नेट चालतं, ऑफिसात कोणाला कळतही नाही. पण सिमवर मिळणारा पत्ता बहुतेक वेळा कंपनीने कितीतरी ग्राहकांत वाटलेला असतो, बाहेरून त्यावर येताच येत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर हेच कारण. डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला एकच नाव देणारी सेवा, लावून याला काही फरक पडत नाही.

अशा ठिकाणी मी एक लहान क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतो, स्थिर पत्त्याचा. एन्जिनएक्स तिकडे हलवायचा आणि ऑफिसातून त्याच्याकडे वायरगार्ड या व्हीपीएनची लाइन सोडायची, दर २५ सेकंदांना जागी राहील अशी. मग फायबर असो वा सिम, ऑफिस स्वतःच बाहेर जाऊन जोडलं जातं. रत्नागिरीच्या एका आंबा व्यापाऱ्याकडे असं केलंय. वाशीचे आडते ऐन हंगामात त्याच्या पट्ट्या बघतात आणि लाइन कोणती चालू आहे हे त्यांना कळतसुद्धा नाही. मात्र राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. लोक फक्त सर्व्हर घेतात, आणि वीज गेली की सर्व्हर चालू, रस्ता बंद.

एक कळकळीची विनंती. ‘राउटरवर सरळ ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट) उघडा, काम होईल’ असं सांगणारे भेटतील. करू नका. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तिच्यात पासवर्डशिवायच जुन्या विंडोजमध्ये शिरता येत होतं. कारखान्याचा सगळा हिशेब त्या एका मशिनवर आहे. उलट ग्वाकामोलेला टीओटीपीची, म्हणजे मोबाइलवर दर थोड्या वेळाने बदलणाऱ्या कोडची, जोड द्या. सीएंना मोबाइलवरचे सहा आकडे टाकावे लागतील एवढंच.

एफ१२ मधल्या त्या ओळीसमोर १०१ सोडून दुसरा आकडा दिसला, तर तो इथेच लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.