रोज रात्रीचा हिशोब कमांडलाईनवरून मेल करायचा तर

तुमचा प्रॉब्लेम मला समजला तो असा की देवगडजवळ आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय, दिवसभरात किती पेट्या वाशीला गेल्या त्याचा हिशोब रात्री स्क्रिप्ट काढते, ती फाईल मेल कमांडने मुंबईला काकांना जायला पाहिजे, कमांड काही एरर देत नाही आणि काकांकडे काहीच येत नाही.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये चूक नाहीये. मेल कमांड गुपचूप संपते याचा अर्थ एवढाच की तिने मेल त्या लॅपटॉपवरच्याच मेल सर्व्हरकडे, म्हणजे एक्झिम किंवा पोस्टफिक्स जे काय असेल त्याच्याकडे, सोपवला. पेटी खळ्यात आणून ठेवली म्हणजे वाशीला पोचली असं होत नाही ना, तसंच आहे हे. टर्मिनलवर मेलक्यू ही थांबलेल्या मेलची रांग दाखवणारी कमांड मारून बघा, बहुतेक तिथेच सगळे अडकलेले सापडतील, नाहीतर समोरच्या सर्व्हरने नाकारले म्हणून लॅपटॉपवरच्याच मेलबॉक्समध्ये परत येऊन पडले असतील.

असं का होतं ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढे उगाच सेटिंग बदलत बसायला नको. १९८२ साली एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायची पद्धत, आली तेव्हा कुठलंही मशीन दुसऱ्या कुठल्याही मशीनला थेट मेल देऊ शकत होतं, तू कोण असं विचारायची सोयच त्यात नव्हती. मग स्पॅमचा पूर आला. आता घरगुती कनेक्शनवर पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा, बाहेर जायला बरेचदा बंदच असतं, आणि उघडं असलं तरी घरगुती आयपीवरून थेट आलेला मेल मोठे सर्व्हर घेत नाहीत. जीमेलने तर फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनचा आहे याची खूण, लागेलच असं केलंय. त्यामुळे लॅपटॉपवरून थेट पाठवायचा नाद सोडा. आपल्या खात्याने लॉगिन करून जीमेलच्या सर्व्हरला मेल द्यायचा आणि पुढे त्याने पोचवायचा, यासाठी पोर्ट ५८७ किंवा ४६५ असतं, आणि ते बंद असलेलं कनेक्शन मला तरी अजून भेटलं नाही.

यासाठी एमएसएमटीपी नावाचा छोटा प्रोग्राम टाका. जुन्या लेखांत एसएसएमटीपी सुचवलेलं दिसेल, ते नको, त्याची देखभाल कधीच थांबली. एमएसएमटीपीची एकच सेटिंग फाईल असते, तिच्यात होस्ट, पोर्ट, टीएलएस (सुरक्षित जोडणी) ऑन, ऑथ (लॉगिन) ऑन, युजर, फ्रॉम आणि लॉगफाईल एवढंच लिहायचं. पासवर्ड त्यात लिहिलात तर फाईलची परमिशन ६०० करा, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येईल, नाहीतर तो प्रोग्राम चालायलाच नकार देतो, आणि ते बरोबरच आहे, शेडमध्ये दहा माणसं त्या लॅपटॉपला हात लावतात.

पासवर्ड मात्र नेहमीचा चालणार नाही. मे २०२२ च्या शेवटी गुगलने साध्या खात्यांसाठी तो रस्ता बंद केला. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड मिळतो तो इथे टाकायचा. आणि कळकळीने सांगतो, काकांचं किंवा तुमचं स्वतःचं खातं यात अजिबात वापरू नका, शेडसाठी वेगळं खातं काढा, कारण तो पासवर्ड कुणाच्या हाती लागला तर त्या खात्याचा सगळा मेल त्याच्या हाती लागतो. अजून एक, मूळ खात्याचा पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी मुंबईत बसून पासवर्ड बदलेल आणि इकडे मेल का बंद पडला ते शोधण्यात तुमचा दिवस जाईल.

फाईल जोडून पाठवायला मट हा टर्मिनलवरचा मेल प्रोग्राम वापरा आणि त्याच्या सेटिंगमध्ये सेंडमेलच्या (मेल पुढे देणाऱ्या प्रोग्रामच्या) जागी एमएसएमटीपीचा पूर्ण पत्ता द्या. मायनस एसने विषय, मायनस एने फाईल, मग दोन डॅश, मग पत्ता. ते दोन डॅश विसरलात तर पत्त्यालाच तो जोडायची फाईल समजतो. साईझची काळजी तुम्हाला नाही, हिशोबाची फाईल केवढीशी असणार, पण उद्या पेट्यांचे फोटो जोडावेसे वाटले तर जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि जोडलेली फाईल बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे १८ एमबीच्या आतच राहा.

मराठी विषयाचं बघा. 'आजचा हिशोब' असा विषय हाताने हेडरमध्ये लिहून थेट एमएसएमटीपीला दिलात तर तो कुठे नीट दिसेल, कुठे कचरा दिसेल. हेडरमध्ये देवनागरी एन्कोड करून पाठवावी लागते, आणि असा एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, म्हणजे बेस६४ केलं तर एका तुकड्यात देवनागरीची जेमतेम १५ चिन्हं मावतात, काना-मात्रा वेगळ्या मोजून. हे हाताने करत बसू नका, मट आपोआप करतो. फक्त क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालवताना लँग (भाषेची सेटिंग) कधीकधी सेट नसते म्हणून टर्मिनलवर सुंदर दिसलेला विषय रात्री प्रश्नचिन्हांचा होऊन जातो, तेव्हा क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाईलच्या, सुरुवातीलाच लँग म्हणून सी डॉट यूटीएफ-८ लिहून टाका. क्रॉनमध्ये पाथपण (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) अगदी तोकडा असतो, प्रोग्रामचे पूर्ण पत्ते द्या. आणि तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह थेट क्रॉनटॅबमध्ये लिहू नका, क्रॉन त्याला नवी ओळ समजतो, ते सगळं स्क्रिप्टच्या आत ठेवा.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही, मे महिन्यात वळवाचा एक तडाखा बसला की संध्याकाळी गेलेली लाईट कधी येईल ते कुणी सांगत नाही, आणि एमएसएमटीपी स्वतःहून काही राखून ठेवत नाही, नेट नसेल तर एरर देऊन मोकळा होतो. त्याच्यासोबत एमएसएमटीपीक्यू नावाची रांग लावणारी स्क्रिप्ट येते, ती चांगली आहे, पण मी रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ एका मच्छी व्यापाऱ्याकडे लावून दिलंय ते याहून साधं आहे आणि तुम्हालाही तेच सुचवेन. दोन फोल्डर करा, एक 'बाकी' आणि एक 'गेले'. हिशोबाची स्क्रिप्ट फाईल फक्त 'बाकी'त टाकते, मेलशी तिचा संबंध नाही. दुसरी स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी उठते, 'बाकी'तली एकेक फाईल पाठवते, कमांडने शून्य परत दिलं, म्हणजे काम झालं असं सांगितलं, तरच फाईल 'गेले'त हलवते, नाहीतर तिथेच सोडते. लाईट दोन दिवस गेली तरी आली की सगळं ओळीने जातं. पाठवणारी स्क्रिप्ट एकावेळी दोनदा चालू नये म्हणून एफलॉक (कुलूप लावणारी कमांड) लावा, नाहीतर नेट हळू असताना काकांना एकच हिशोब दोनदा जाईल.

जुन्या लॅपटॉपचं घड्याळपण बघून घ्या. आतली छोटी बॅटरी मेलेली असेल आणि मुख्य बॅटरीही उतरली असेल तर लाईट आल्यावर तारीख कुठल्यातरी जुन्या सालावर जाते, मग सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही असं समजून टीएलएस जोडणी होत नाही, आणि लॉगमध्ये सर्टिफिकेटची तक्रार बघून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू ठेवा आणि ती छोटी बॅटरी बदलून टाका, खाऱ्या दमट हवेत तसंही काही टिकत नाही.

ज्या दिवशी माल गेला नाही त्या दिवशीसुद्धा 'आज पेट्या नाहीत' असा मेल जाऊ द्या. म्हणजे मेल आला नाही तर बिघाड आहे हे काकांना लगेच कळेल. आणि एक लक्षात असू द्या, आता शून्य मिळालं याचा अर्थ जीमेलने मेल घेतला एवढाच, पत्ता चुकला असेल तर परत आलेला मेल शेडच्या खात्याच्या इनबॉक्समध्ये पडेल, तो अधूनमधून उघडत जा.

हंगाम संपून शेड बंद केलीत की क्रॉनटॅबमधल्या दोन्ही स्क्रिप्टच्या ओळींपुढे हॅश लावा, म्हणजे त्या चालणार नाहीत, आणि तो ॲप पासवर्ड गुगलच्या खात्यातून काढून टाका, पुढच्या वर्षी पहिली पेटी भरायच्या आधी नवा घ्या.